ब्रॅडलॉ, चार्ल्स

ब्रॅडलॉ, चार्ल्स : (२६ सप्टेंबर १८३३ – ३० जानेवारी १८९१). ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य, वक्ता, संपादक आणि एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडमधला सर्वांत बोलबाला झालेला नास्तिक. नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्याला निवडून द्यायचे आणि कॉमन्स सभागृहाने त्याला दाराबाहेर काढायचे, हा प्रकार १८८० पासून जवळजवळ सहा वर्षे चालला. या लढ्याची आठवण ‘देव मानणारे विरुद्ध न मानणारे’ अशी राहिली आहे. खरा वाद वेगळा होता : सभागृहात कोण बसणार हे मतदारांनी ठरवायचे की आधीपासून आत बसलेल्यांनी?

त्याचा जन्म लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील एका वकिलाकडे कारकून. घरची परिस्थिती बेताचीच, शाळा लवकर सुटली. पोरवयात तो चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवी. बिशप येणार म्हणून पाद्र्याने त्याला तयारी करायला सांगितली. मुलाने शुभवर्तमाने आणि चर्चची एकोणचाळीस कलमे शेजारीशेजारी ठेवून वाचली आणि दोन्हींचा मेळ बसत नाही, हे पाद्र्याला पत्राने कळवले. उत्तरादाखल त्याला शिकवण्याच्या कामातून दूर करण्यात आले आणि प्रकरण चिघळून अखेर घरही सुटले. कर्ज झाल्यावर १८५० मध्ये तो फौजेत भरती झाला आणि घोडदळाबरोबर आयर्लंडला गेला. नात्यातल्या एका वृद्धेच्या वारशाचे पैसे भरून १८५३ मध्ये त्याने फौजेतून सुटका करून घेतली आणि तोही वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागला.

ही कारकुनी त्याला जन्मभर पुरली. दिवसा कायद्याची कागदपत्रे आणि संध्याकाळी ‘आयकोनोक्लास्ट’, म्हणजे मूर्तिभंजक, या टोपणनावाने व्याख्याने असा त्याचा क्रम असे. ‘नॅशनल रिफॉर्मर’ हे साप्ताहिक १८६० मध्ये निघाले आणि १८६६ मध्ये त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. नास्तिकांना न्यायालयात शपथेऐवजी दृढकथन करून साक्ष देता यावी, असा कायदा १८६९–७० मध्ये झाला. त्यामागे ब्रॅडलॉने स्वतः लढवलेल्या एका दाव्याचाही वाटा होता.

ॲनी बेझंट त्याच्या चळवळीत १८७४ मध्ये आल्या. तीन वर्षांनी दोघांनी मिळून चार्ल्स नोल्टन या अमेरिकन डॉक्टरची संततिनियमनावरील जुनी पुस्तिका मुद्दाम पुन्हा छापली आणि ती विकणार असल्याची खबर अधिकाऱ्यांना आपणहून दिली. खटला झाला, सहा महिन्यांची कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. पण आरोपपत्रातल्या एका तांत्रिक उणिवेवर ती अपिलात रद्द झाली. दरम्यान पुस्तिकेच्या लाखावर प्रती खपल्या होत्या. पन्नासएक वर्षांनी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले, ते याच जातकुळीचे.

नॉर्दॅम्प्टन हे जोडे शिवणाऱ्या कारागिरांचे, जहाल मतांचे गाव. तीनदा पडल्यावर एप्रिल १८८० मध्ये ब्रॅडलॉ तिथून निवडून आला. शपथेतले देवाचे नाव आपल्या लेखी निरर्थक आहे, तेव्हा दृढकथन करू द्यावे, असा अर्ज त्याने केला. समितीने तो अध्यक्षांच्या निर्णायक मताने फेटाळला. मग तो शपथ घ्यायला तयार झाला, तर ‘नास्तिकाची शपथ खरी कशी?’ असा आक्षेप आला. इकडे आड, तिकडे विहीर. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलने तर त्याची राजघराण्यावर टीका करणारी पुस्तिका भर सभागृहात जमिनीवर आपटून पायाखाली तुडवली. हे चर्चिल म्हणजे विन्स्टनचे वडील. २३ जून १८८० रोजी बाहेर जाण्याचा हुकूम मानायला नकार दिल्यामुळे ब्रॅडलॉची रवानगी बिग बेनच्या मनोऱ्यातल्या कोठडीत झाली. दुसऱ्या दिवशी त्याला सोडले. त्यानंतर तिथे कोणालाच कैदेत ठेवलेले नाही.

पुढे स्वतःच्या जबाबदारीवर दृढकथन करून बसण्याची परवानगी मिळाली, पण १८८१ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत मतदारांनी १३२ मतांनी त्यालाच परत पाठवले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी तो सभागृहात शिरू लागला तेव्हा शिपाई आणि पोलिसांनी मिळून त्याला जिन्यावरून ओढत खाली अंगणात आणले. गडी उंच, धिप्पाड. झटापटीत कोट फाटला आणि दंडांना झालेल्या दुखापतीने तो पुढे आजारीच पडला. बाहेर समर्थकांचा जमाव खवळला होता. बेझंटबाईंनी तो आवरला नसता तर दिवस रक्तपाताचा ठरला असता.

फेब्रुवारी १८८२ मध्ये मात्र त्याने कमालच केली. तो सरळ टेबलापाशी गेला, खिशातून बायबलचा नवा करार आणि एक कागद काढला, शपथ वाचून सही केली आणि स्वतःच स्वतःला शपथ देऊन मोकळा झाला. सभागृहाने त्याला बडतर्फ केले. नॉर्दॅम्प्टनने १०८ मतांनी पुन्हा निवडले. दृढकथनाला मुभा देणारे पंतप्रधान ग्लॅडस्टनचे विधेयक १८८३ मध्ये अवघ्या तीन मतांनी पडले. ग्लॅडस्टन स्वतः कट्टर धार्मिक, तरी त्याचे या प्रसंगाचे भाषण त्याच्या उत्तम भाषणांत गणले जाते. १८८४ मध्ये हेच नाट्य पुन्हा झाले, या वेळी मताधिक्य ३६८ होते. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभागृहाचे अध्यक्ष आर्थर पील यांनी, निवडून आलेला सदस्य आणि शपथ यांच्या मध्ये पडण्याचा कोणालाही अधिकार नाही, असे सांगून आक्षेप ऐकूनच घेतले नाहीत. ब्रॅडलॉने इतरांसारखीच शपथ घेतली. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, त्याने स्वतःच पुढाकार घेऊन दृढकथनाचा कायदा संमत करून घेतला. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन्ही पर्याय आहेत.

आत गेल्यावर हा बंडखोर समाजवाद्यांच्या मात्र पंक्तीला बसला नाही. कामाचे तास आठ करणारा कायदा त्याला नको होता. बेझंटबाई समाजवादाकडे वळल्या तेव्हा दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर तो इतका बोलू लागला की हेन्री फॉसेटनंतर ‘हिंदुस्थानचा सदस्य’ हे बिरुद त्याच्याकडे आले. १८८९ मध्ये मोठ्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी समुद्रप्रवासाचा सल्ला दिला आणि तो डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. अध्यक्षस्थानी विल्यम वेडरबर्न होते, प्रतिनिधींत पंडिता रमाबाई होत्या आणि प्रतिनिधींची संख्या होती नेमकी १,८८९. कायदेमंडळांच्या सुधारणेचा जो आराखडा तिथे चर्चेला आला, त्यावर टिळकांनी उपसूचना मांडली आणि तिला अनुमोदन गोखल्यांनी दिले. पुढची भांडणे ठाऊक असणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. ब्रॅडलॉने परत जाऊन १८९० मध्ये याच सुधारणेसाठी पार्लमेंटमध्ये विधेयक आणले. ते संमत झाले नाही, पण सरकारला हालचाल करावी लागली आणि १८९२ चा कायदा आला.

तो पाहायला ब्रॅडलॉ उरला नव्हता. त्याला सभागृहाबाहेर ठेवणारा १८८० चा ठराव दप्तरातून काढून टाकायचे कॉमन्सने २७ जानेवारी १८९१ रोजी ठरवले. त्या वेळी तो मरणपंथाला लागलेला होता. ही बातमी त्याला कळलीच नाही. ब्रुकवुड येथील दफनाला लंडनमधले हिंदी लोक मोठ्या संख्येने गेले होते आणि त्यांत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे मोहनदास गांधीही होते. परतीच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर एक नास्तिक एका पाद्र्याशी कसा हुज्जत घालत होता, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे, आणि तो प्रकार त्यांना काही आवडलेला दिसत नाही.

नॉर्दॅम्प्टनला त्याचा पुतळा आहे. लाहोरच्या ब्रॅडलॉ हॉलमध्ये पुढे नॅशनल कॉलेज भरू लागले आणि भगतसिंग तिथलेच विद्यार्थी. दाव्यांपायी झालेले कर्ज मात्र मृत्यूपर्यंत फिटले नाही, त्यापायी त्याचा ग्रंथसंग्रह विकावा लागला. ‘देव असेल तर त्याने मला पाच मिनिटांत मारावे’ असे म्हणून तो व्यासपीठावर घड्याळ काढून ठेवी, ही कंडी त्याच्या हयातीतच पिकली होती आणि ती छापणाऱ्यांना त्याने कोर्टातही खेचले होते. तो गेल्यावरही ती थांबली नाही. तेव्हा मुलगी हायपेशिया ब्रॅडलॉ-बॉनर हिने १८९४ मध्ये जे. एम. रॉबर्टसन यांच्या साहाय्याने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढेही असल्या गोष्टी खोडून काढण्याचे काम चालू ठेवले.