‘लायेज’ या संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय संज्ञेचा अर्थ तिच्या व्युत्पत्तीत शोधावा, की तिच्या व्याख्येत? ‘लायेज’ या विकरवर्गाच्या नामकरणाचा इतिहास या प्रश्नाचा निर्णय करण्यास उपयोगी पडण्यासारखा आहे.

इ. स. १८३३ मध्ये पायां व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी अंकुरित सातूपासून स्टार्चचे विघटन करणारा पदार्थ वेगळा काढला व ‘विलगीकरण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. त्या शब्दाचे शेपूट घेऊन एमील ड्युक्लो यांनी त्याच शतकात सर्व विकरांसाठी ‘एज’ हा प्रत्यय सुचविला. व्याकरणदृष्ट्या हा मुळात प्रत्ययच नव्हे. संस्कृत ‘स्था’शी सजातीय असलेल्या ग्रीक धातूचा अंत्य स्वर व नामसाधक प्रत्ययाचा अवशेष यांचा तो तुकडा होय. तथापि तो रूढ झाला.

इ. स. १९११ मध्ये कार्ल नॉयबेर्ग यांनी यीस्टमधील एका विकराचे वर्णन केले. पायरुव्हिक अम्लातून कार्बन डाय-ऑक्साइड मुक्त करणे हे त्याचे कार्य. त्यास त्यांनी ‘कार्बोक्सिलेज’ म्हटले. पुढे कार्बन डाय-ऑक्साइड जोडणाऱ्या विकरांसही हेच नाव मिळाले. एका शब्दास दोन विरुद्ध अर्थ आले आणि नॉयबेर्ग यांच्या विकरास वियोगवाचक उपसर्ग लावून ‘डीकार्बोक्सिलेज’ म्हणावे लागले.

नामकरणातील अशा अव्यवस्थेमुळे आंतरराष्ट्रीय जीवरसायन संघाने १९५६ साली आयोग नेमला. त्याच्या १९६१ च्या अहवालात विकरांचे सहा वर्ग पाडले गेले. २०१८ साली सातवा जोडला गेला. चौथा वर्ग ‘लायेज’. जलीय विच्छेदन वा ऑक्सिडीकरण यांवाचून कार्बन-कार्बन, कार्बन-ऑक्सिजन इत्यादी बंध तोडणारी विकरे त्यात येतात. ‘सोडविणे’ या अर्थाचा ग्रीक ‘लुओ’ हा त्या नावाचा धातू. संस्कृत ‘लू’ (लुनाति) त्याचा सजातीय मानला जातो.

नॉयबेर्ग यांचे विकर या वर्गात ४.१.१.१ या क्रमांकाने प्रथम आहे. परंतु वनस्पतींत कार्बन डाय-ऑक्साइड जोडून घेणारे रुबिस्को हेही त्याच उपवर्गात ४.१.१.३९ या क्रमांकाने आढळते! याचे कारण, वर्ग ठरतो तो विक्रियेच्या प्रकारावरून. पेशीत ती कोणत्या दिशेने चालते यावरून नव्हे.

म्हणून मराठी पर्याय घडविताना धातूकडे पाहून केवळ ‘विच्छेदक’ म्हटल्यास जलीय विच्छेदन करणारा तिसरा वर्ग व हा चौथा वर्ग यांतील भेद लोपेल, आणि रुबिस्कोचे स्थान अनाकलनीय होईल. व्युत्पत्ती संज्ञेचा जन्म सांगते. तिचे कार्य व्याख्येलाच विचारले पाहिजे.