शांघाय : नदीच्या दोन काठांवरचे शहर

चीनमधील शांघाय शहरातून वाहणाऱ्या हुआंगपू नदीच्या दोन काठांमध्ये जवळजवळ शतकाचे अंतर आहे. पश्चिमेला दगडी इमारतींची रांग असलेला ‘बंड’, तर समोर पुडाँगचे गगनचुंबी मनोरे. बहुतेक पर्यटक रात्री बंडवर येतात, पुडाँगची रोषणाई टिपतात आणि परततात. पाठीमागच्या इमारतींकडे वळून पाहणारे थोडेच. मराठी पर्यटकाला कुतूहल वाटावे असे बरेच काही मात्र तिथेच आहे.

‘बंड’ हा शब्द चिनी नव्हे. चिनी लोक या भागाला ‘वायथान’ म्हणतात. काठावरचा बांध या अर्थाचा हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेला. पुण्याच्या बंडगार्डनमधील ‘बंड’ तोच. येथील हिरव्या निमुळत्या छपराची १९२९ सालची इमारत व्हिक्टर ससून यांनी बांधली. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या घराण्याचे नाव सांगतात, त्याच घराण्यातले हे गृहस्थ. चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराचा या घराण्याच्या संपत्तीत मोठा वाटा होता. त्या इमारतीत आज आलिशान हॉटेल आहे. जवळच १९२७ सालचे, घड्याळाचा मनोरा असलेले कस्टम हाऊस आहे.

पुडाँगचा विकास १९९० मध्ये हाती घेण्यात आला. त्यापूर्वी तिथे शेते, गोदामे आणि कारखाने होते. ४६८ मीटर उंचीचा ओरिएंटल पर्ल मनोरा, १९९९ चा जिन माओ, २००८ चे वर्ल्ड फायनान्शियल सेंटर आणि २०१५ मध्ये पूर्ण झालेला ६३२ मीटरचा शांघाय टॉवर या क्रमाने ही क्षितिजरेषा घडत गेली.

छायाचित्रकाराने सूर्याची दिशा ध्यानात ठेवावी. सकाळी पुडाँगच्या मागून सूर्य वर येत असल्याने बंडवरून मनोरे काळवंडलेले दिसतात. मात्र त्याच वेळी बंडच्या इमारतींवर सोनेरी ऊन पडते. म्हणून सकाळी साध्या फेरीबोटीने पुडाँगला जावे (सहलीच्या महागड्या नौकांची गरज नाही), तिसऱ्या प्रहरी बंडवर परतावे. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे सर्वोत्तम. तेव्हा आकाशाचा निळा रंग शिल्लक असतो आणि दिवेही लागलेले असतात. गर्दी टाळायची असल्यास सूचौ खाडीवरील १९०७ चा पोलादी पूल गाठावा.

तथापि खरे शांघाय टिपायचे तर नदीपासून दूर जावे लागते. दगडी चौकटीच्या दारांची ‘शिखुमेन’ घरे, अरुंद गल्ल्या आणि बांबूवर वाळणारे कपडे हे दृश्य झपाट्याने नाहीसे होत आहे. २००१ मध्ये खुल्या झालेल्या शिनथ्येंदीमध्ये अशी घरे दुरुस्त करून तेथे उपाहारगृहे थाटण्यात आली. वास्तू राहिली, रहिवासी गेले. इतरत्र भिंतीवर ‘पाडा’ या अर्थाचे ‘छाय’ हे अक्षर रंगवलेले दिसले, तर पुढच्या भेटीत ती गल्ली सापडेलच असे नाही. इथे टिपलेले साधे छायाचित्रही उद्या दस्तऐवज ठरते. मात्र ही माणसांची घरे आहेत. उंबऱ्यात बसलेल्या आजीबाईंची मानेने का होईना, संमती घ्यावी.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा काळ उत्तम. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्ट्यांचा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत बंडवर तिपाई उभी करण्याइतकीही जागा मिळत नाही.