पट्टा आणि नेम : रिमफायर रायफलीच्या एका दुर्लक्षित अंगाचा इतिहास

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. प्रकार होता ५० मीटर रायफल, तीन अवस्था. यात आधी गुडघा टेकून, मग पालथे पडून आणि शेवटी उभे राहून नेम साधावा लागतो. पहिल्या दोन अवस्थांत नेमबाजाच्या डाव्या दंडापासून रायफलीपर्यंत एक पट्टा ताणलेला असतो. तिसऱ्या अवस्थेत तो नियमानेच वर्ज्य आहे. नळी, दुर्बीण, काडतूस यांची चर्चा पुष्कळ होते. या साध्या पट्ट्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तो रायफलीला कोठे जोडावा, या प्रश्नाला स्वतःचा असा इतिहास आहे. ओझे वाहण्याचे साधन स्थैर्याचे साधन कसे झाले, हे त्या इतिहासातून उलगडते.

प्रथम रायफलीविषयी थोडे. ज्या काडतुसाच्या बुडाच्या कडेतच पेट घेणारे मिश्रण भरलेले असते, ते ‘रिमफायर’ काडतूस. १८४५ च्या सुमारास फ्रान्समधील लुई निकोला फ्लोबेर याने या कल्पनेला मूर्त रूप दिले. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांचे छोटे काडतूस आले आणि १८८७ मध्ये आज जगभर प्रचलित असलेले ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ काडतूस तयार झाले. त्याच्या गोळीचा व्यास जेमतेम ५.६ मिलिमीटर, आवाज बेताचा आणि खांद्याला बसणारा धक्का नाममात्र. शिवाय ते स्वस्त. साहजिकच नवशिक्याच्या हाती प्रथम हीच रायफल येऊ लागली. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने ब्रिटिश सैन्याला हैराण केले. त्यानंतर इंग्लंडमध्ये सामान्य नागरिकांसाठी लहान रायफलींचे क्लब ठिकठिकाणी निघाले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या रायफलींच्या स्वतंत्र स्पर्धाही झाल्या.

पट्टा मात्र या साऱ्याहून जुना आहे. सैनिकाला मैलोन्‌मैल चालावे लागे आणि हात मोकळे ठेवावे लागत. म्हणून बंदुकीला दोन कड्या बसवीत : एक पुढे, नळी व लाकूड यांना आवळणाऱ्या धातूच्या पट्टीवर, दुसरी मागे, दस्त्याच्या खालच्या अंगाला. या दोन कड्यांत ओवलेला पट्टा खांद्यावर टाकला की काम भागले. नेमाशी त्याचा संबंध नव्हता. पुढे अनुभवी सैनिकांच्या ध्यानात आले की, गोळी झाडताना हाच पट्टा डाव्या दंडाभोवती वळवून ताणला, तर नळीचे डोलणे कमी होते. १९०७ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या कातडी पट्ट्यात या अनुभवाला रीतसर स्थान मिळाले. हा पट्टा दोन भागांचा होता. पुढच्या भागाचा फास दंडात अडकवला की मागचा भाग सैल पडे आणि सारा ताण एकट्या पुढच्या कडीवर येई. वाहून नेण्यास दोन कड्या लागतात, स्थिर धरण्यास एकच पुरते, हे येथे प्रथम ठळकपणे दिसते.

याचे कारण शरीररचनेत आहे. पालथे पडून रायफल धरली असता डाव्या हाताचे स्नायू तिचे वजन पेलतात. स्नायू काही क्षणांतच थकतो आणि थकलेला स्नायू थरथरतो. पट्टा ताणला की दंड, कोपरापुढचा हात आणि पट्टा यांचा एक त्रिकोण बनतो. वजन हाडांमार्गे जमिनीवर उतरते आणि स्नायूंना विसावा मिळतो. पन्नास मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे साधारण सदऱ्याच्या गुंडीएवढा असतो. तेथे केसभर थरथरही गुण हिरावून नेते.

रिमफायर रायफलीला पट्टा जोडण्याचे जे पर्याय आज दिसतात, ते याच दुहेरी गरजेतून आले. पहिला पर्याय लाकडात स्क्रूने पक्क्या बसवलेल्या कड्यांचा. तो मजबूत असतो. पण जागा एकदा ठरली की बदलत नाही. दुसरा, लाकडात छोटी खुंटी बसवून तिच्यावर काढता-घालता येणारी कडी अडकविण्याचा. एकच पट्टा अनेक रायफलींना वापरता येतो, ही त्याची सोय. तिसरा, नळीभोवती आवळलेल्या पट्टीचा. जेथे पुढे पुरेसे लाकूड नसते तेथे तो उपयोगी पडतो. चौथा, दस्त्यावर चढविलेल्या कातडी वेष्टनाचा. त्यात लाकडाला भोक पाडावे लागत नाही, म्हणून जुनी रायफल जपणाऱ्यांना तो रुचतो. पाचवा पर्याय खास स्पर्धेचा. रायफलीच्या पुढच्या लाकडाखाली धातूची खाच असते, तिच्यात मागेपुढे सरकणारा हाताचा अडसर बसवतात आणि त्या अडसरालाच कडी असते. मागची कडी येथे नसतेच. पट्ट्याचे एक टोक या कडीत आणि दुसरे दंडावरच्या रुंद फासात.

पाचव्या पर्यायाने दोन अडचणी दूर केल्या. नळीला आवळलेल्या कडीवर ताण दिला, तर तो ताण नळीपर्यंत पोहोचून गोळीची जागा ढळू शकते. लाकडाखालच्या खाचेतील कडी नळीला स्पर्शही करीत नाही. दुसरे असे की, प्रत्येकाच्या हाताची लांबी निराळी. उंच मुलाला सोयीची कडी ठेंगण्या मुलीला लांब पडते. सरकत्या अडसरामुळे रायफलच माणसाच्या मापाची होते. पट्टा दंडावर कोठे बसवावा, हेही अनुभवाने ठरले. दंडाच्या आतल्या बाजूची धमनी दाबली गेली, तर नाडीचा प्रत्येक ठोका नेमात उमटतो. म्हणून फास वर, खांद्याजवळ ठेवतात. आंतरराष्ट्रीय नियमांनी पट्ट्याची रुंदी कमाल ४० मिलिमीटर ठरवली आहे. पालथ्या अवस्थेत डावा हात जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करून असावा, असाही दंडक आहे.

भारतातील असंख्य विद्यार्थ्यांची रायफलीशी पहिली ओळख राष्ट्रीय छात्रसेनेत होते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९४८ च्या कायद्याने ही संघटना स्थापन झाली. छात्रांच्या हाती आली ती पॉइंट टू-टू रायफल, आणि पट्टा दोन कड्यांचा, लष्करी परंपरेतला. कवायतीत तो ताठ असावा, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. तरीही याच वाटेने काहीजण फार पुढे गेले. मुंबईच्या अंजली भागवत यांच्या नेमबाजीचा आरंभ छात्रसेनेतूनच झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफलच्या पालथ्या अवस्थेतील स्पर्धेत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावले. साठ गोळ्यांत गमावलेले गुण अवघे तीन. ज्या अवस्थेत पट्ट्याची साथ सर्वाधिक असते, तीच ही अवस्था.

पट्टा नेम शिकवीत नाही. श्वास रोखणे, चाप हळुवार दाबणे आणि पट्टा चढविण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खातरी करणे, हे सारे माणसालाच शिकावे लागते. पट्टा फार आवळला तर हात बधिर होतो, सैल सोडला तर त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून जाणता नेमबाज सराव संपल्यावर आपल्या वहीत गुणांच्या शेजारी आणखी दोन आकडे टिपून ठेवतो : पट्ट्याचे कितवे छिद्र आणि अडसर खाचेत कितव्या खुणेवर. दुसऱ्या दिवशीचा सराव त्या दोन आकड्यांपासून सुरू होतो.