काचमण्याची साक्ष

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावाची गडबड चालू असता समोरचा समुद्र एके काळी काय काय वाहून नेत असे, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. याच किनाऱ्यावर उत्तरेस चौल. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी तेथे किल्ल्याचा पाया घातला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे गेला. खाडीपलीकडच्या कोर्लईत राहिलेल्या आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या बोलीत पोर्तुगीज अजून जिवंत आहे. त्यामुळेच की काय, मातीत सापडलेला प्रत्येक जुना काचमणी ‘फिरंगी’ ठरविण्याची आपल्याला घाई होते.

ही घाई आम्हांस मान्य नाही. मणी प्रथम भिंगाखाली धरावा. काचेतील बुडबुडे भोकाला समांतर लांबलेले असतील, तर तो ओढलेल्या नळीचे तुकडे करून घडविला. भोकाभोवती वळसे घेत असतील, तर तप्त काच सळईवर गुंडाळून. एवढ्याने कृती कळते, काळ नव्हे. काळ सांगतो तो मातीचा थर, आणि त्याच थरातील नाणी व खापरे. तेथेही सावधगिरी हवी. आजीची माळ तुटते, नातीसाठी पुन्हा ओवली जाते. थर नातीचा, मणी मात्र आजीच्याही आधीचा! शिवाय उंदीर-घुशींच्या बिळांतून बारीक मणी सहज खाली उतरतात.

चौल येथे डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी उत्खनन केले. तेथील मण्यांचे रासायनिक पृथक्करण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लेसर किरणाने डोळ्यांस न दिसणारा कण काढून काच तपासता येते. मणी शाबूत राहतो. सोडा आणि अॅल्युमिना यांनी युक्त, युरेनियमचे प्रमाण विशेष असलेली ही भारतीय काच केनियाच्या किनाऱ्यावरील मण्यांतही आढळली. म्हणजे मणी येथून तिकडे जात होते.

युरोपचे मणी आलेच नाहीत असे नव्हे. व्हेनिसमध्ये मणी करणाऱ्या कारागिरांना ‘पातेर्नोस्त्रेरी’ म्हणत. प्रभूच्या प्रार्थनेच्या आरंभीच्या लॅटिन शब्दांवरून, कारण जपमाळेचे मणी हे त्यांचे मूळ काम. तेथील मुरानो बेटावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडू लागलेला, कापल्यावर आत तारा दिसणारा थराथरांचा मणी सहज ओळखू येतो. साधा लाल वा काळा मणी तसा बोलत नाही. कोणी तो नांगरटीतून उचलून खिशात टाकला, की थराची साक्ष तेथेच संपते.