टर्बोचार्ज्ड मोटारीसाठी इंधन पंपाची निवड

टर्बोचार्ज्ड पेट्रोल मोटारीची इंधन पंप योजना म्हणजे टाकीतील इंधन इंजेक्टरांपर्यंत पुरेशा प्रमाणात व योग्य दाबाने पोहोचवणारी पंप, दाब नियामक, गाळणी, नळ्या आणि विद्युत जोडणी यांची एकत्रित व्यवस्था होय. इंजिनाची शक्ती वाढवताना टर्बो, इंटरकूलर व इंजेक्टर यांचा विचार आधी होतो आणि पंपाचा बहुधा शेवटी. अपुरा पंप शहरातल्या वाहतुकीत कोणतेही लक्षण दाखवत नाही. पूर्ण भाराखाली मात्र मिश्रण विरल होते, ज्वलनकक्षाचे तापमान चढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत दट्ट्याचा (पिस्टनचा) माथा वितळू शकतो.

दाब आणि प्रवाह

इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये इंधन फवारतो. टर्बोने तेथील हवेचा दाब वाढवला की तो दाब फवाऱ्याला विरोध करतो. म्हणून दाब नियामक एका नळीने मॅनिफोल्डला जोडलेला असतो आणि बूस्ट जितका वाढेल तितकाच इंधनाचा दाब वाढवतो. मूळ दाब ३ बार व बूस्ट १ बार असल्यास इंधन रेलमध्ये ४ बार दाब लागतो. इंजेक्टरच्या दोन टोकांमधील फरक ३ बारच राहतो.

निवडीची खरी अडचण येथेच आहे. विद्युत पंपाचा प्रवाह दाब वाढेल तसा घटतो, आणि टर्बो इंजिनाला सर्वाधिक इंधन नेमके सर्वाधिक दाबाच्या वेळी हवे असते. त्यामुळे पंपाच्या नावातील आकडा फारसा उपयोगी नसतो. वॉलब्रोचा 'ताशी २५५ लिटर' म्हणून परिचित असलेला पंप हा आकडा सुमारे ३ बार दाबाला गाठतो, ५ बारला नव्हे. पंपातील सुरक्षा झडप ठरावीक दाबाला उघडते व त्यापुढे प्रवाह झपाट्याने कोसळतो. म्हणून उत्पादकाचा दाब-प्रवाह आलेख पाहूनच पंप निवडावा लागतो.

गरजेचा अंदाज

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भाराखाली दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ०.२७ किलोग्रॅम इंधन वापरते, असे ढोबळमानाने धरतात. त्यानुसार ४०० अश्वशक्तीला ताशी १०८ किलोग्रॅम, म्हणजे पेट्रोलची घनता ०.७४ धरल्यास सुमारे १४६ लिटर इंधन लागते. २० टक्के राखीव धरून ही गरज १७५ लिटरवर जाते, आणि तीही पूर्ण बूस्टच्या दाबाला. ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनासाठी साधारण ३० ते ४० टक्के अधिक आकारमान लागते. तेव्हा हाच आकडा २३० ते २४५ लिटर होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे गरज काही टक्क्यांनीच वाढते, तरी मूळचाच पंप काठावर असेल तर तेवढी वाढही मोजावी लागते.

विद्युत पुरवठा

पंपाचे आकडे बहुधा १३.५ व्होल्टला दिलेले असतात. जुन्या, बारीक तारांतून पंपापर्यंत १ ते २ व्होल्ट कमी पोहोचले तर प्रवाह लक्षणीय घटतो. म्हणूनच बॅटरीपासून फ्यूज व रिलेमार्फत जाड तार स्वतंत्रपणे नेतात. नवा पंप घेण्याआधी हा स्वस्त उपाय करून पाहणे श्रेयस्कर. १९९३ साली आलेल्या पिढीतील टर्बो टोयोटा सुप्रामध्ये कमी भाराच्या वेळी पंपाला मुद्दाम कमी व्होल्टता देणारा स्वतंत्र नियंत्रक होता. शक्ती वाढवणारे अनेक जण तो वगळून पंप सतत पूर्ण व्होल्टतेवर चालवत.

एक पंप की दोन

गरजेपेक्षा फार मोठा पंपही निर्दोष नसतो. परतीची नळी अरुंद असल्यास नियामकाला जादा इंधन टाकीकडे सोडता येत नाही, आयडलिंगच्या वेळी दाब चढा राहतो आणि सतत फिरणारे इंधन तापते. परतीची नळीच नसलेल्या नव्या मोटारींत पंपाचा वेग संगणक ठरवतो. तेथे पंपाबरोबर त्याचा नियंत्रकही तपासावा लागतो.

दोन पंप समांतर जोडल्यास प्रवाहांची बेरीज होते. दुसरा पंप फक्त बूस्ट आल्यावर सुरू करण्याची पद्धत आवाज व उष्णता वाचवते, परंतु तो बंद पडल्याचे चालकाला बूस्टमध्येच, म्हणजे सर्वांत वाईट क्षणी कळते. त्यामुळे अशा योजनेत दाब घसरताच बूस्ट किंवा प्रज्वलन तोडणारा संवेदक ठेवतात. टाकीबाहेरचा पंप इंधन चांगले ढकलतो पण ओढण्यात दुबळा असतो. वळणावर इंधन एका बाजूला सरकून त्याला हवा लागू नये म्हणून आधी छोटी सर्ज टाकी बसवतात.

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत टाकीतील पंप केवळ पुरवठादार असतो. शंभराहून अधिक बारचा दाब कॅमशाफ्टवरील यांत्रिक पंप निर्माण करतो, आणि शक्तीची मर्यादा अनेकदा तोच ठरवतो.

बदलानंतरची चाचणी

रेलमधील दाब व बूस्ट यांची एकत्र नोंद घेऊन पंपाची क्षमता तपासतात. मूळ दाब ३ बार असताना १ बार बूस्टला, वाढत्या फेऱ्यांबरोबर रेलचा दाब ४ बारवरून खाली घसरू लागला, तर पुरवठा कमी पडत आहे असे समजून चाचणी तत्काळ थांबवतात. त्यानंतर प्रथम पंपाच्या टोकांवरील व्होल्टता, मग गाळणी आणि शेवटी पंप, या क्रमाने तपासणी होते.