साहेबाचे कट्टे आणि उजेडातील क्षीण किरण

अवरक्त किरण अडताच सूचना देणारा संवेदक सावलीत चोख चालतो, उन्हात फसतो. किरण अधिक प्रखर करणे हा त्यावरील खरा उपाय नव्हे. भोवतालच्या उजेडातून तो वेगळा ओळखता आला पाहिजे. या विचाराचा पूर्वेतिहास सिंधुदुर्गाशी जोडला जातो, परंतु सदोष रीतीने.

मालवणजवळील एका गावाचे नाव ‘कट्टा’. ओट्याच्या अर्थाने हाच शब्द विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ या नावात येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच हेलियम शोधला, अशी लोकसमजूत आहे. वस्तुतः लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. गुंटूर येथे ग्रहण पाहिले ते जान्सेन यांनी. दुसऱ्या दिवशी ग्रहणावाचूनही त्यांना सूर्यज्वाला दिसल्या. वर्णपटदर्शकात आकाशाचा उजेड पसरून मंदावतो, ज्वालांची तेजोरेषा मात्र एकवटलेली राहते. २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी स्वतंत्रपणे हेच साधले. हेलियमची पिवळी रेषा त्यांच्या अभ्यासात आली ती या मार्गाने.

संवेदकास एवढी वर्णनिवड पुरत नाही, कारण उन्हातही अवरक्त किरण असतातच. म्हणून किरण सेकंदास सुमारे ३८,००० वेळा स्पंदित करतात आणि ग्राहक तेवढाच ठेका निवडतो. दूरनियंत्रकासाठी घडविलेले अनेक ग्राहक अखंड ठेक्यासही पार्श्वभूमी समजून दाबतात. तो तुकड्यातुकड्यांनी पाठवावा लागतो. थेट उन्हाने ग्राहक संपृक्त झाला, तर ठेकाही हरपतो. तेथे त्याच्यापुढे बसविलेली साधी काळी नळीच कामास येते.