डब्यातला नकाशा, खिशातला नकाशा : हिंगणघाट ते हेमलकसा

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप आहे. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तुमच्या गाडीतला आहे, म्हणजे रस्ता सांगणारी ती वस्तू. आधी ती काचेला चिकटवलेला एक डबा होती, मग फोन झाली. डबा कसा आला, कसा गेला आणि जाताना सोबत काय घेऊन गेला, ते बघू. आणि हे सगळं वरोऱ्यात उभं राहून बघू, कारण इथून पुढं जंगल सुरू होतं आणि फोनचे दांडे कमी होत जातात.

सुरुवात मात्र हिंगणघाटपासून. नागपूरहून निघालं की जामच्या चौरस्त्यावर रस्ता फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडं, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडं. त्या हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. या माणसानं १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थानची मोजणी उत्तरेकडं आणली. त्याचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, जवळपास अर्ध्या टनाचं होतं. नागपूरकडं जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं घेतलं. म्हणजे आपल्या देशाच्या अचूक नकाशाचा पाया ज्यानं घातला, तो माणूस वरोऱ्याहून तासाभराच्या अंतरावर झोपलाय.

तो नकाशा झाला, पण सामान्य माणसाच्या हातात फार उशिरा आला. सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ संरक्षणाच्या नावाखाली जपून ठेवले जायचे. लोकांसाठी वेगळी नकाशामालिका काढायचं धोरण २००५ साली आलं. तोवर आपल्या ड्रायव्हर लोकांकडं काय होतं? एसटीच्या पाट्या, मैलाचे दगड आणि फाट्यावरची टपरी. "भाऊ, चिमूरचा रस्ता कोणता?" एवढं विचारलं की काम व्हायचं.

आता डब्याकडं येऊ. गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र उपग्रहांच्या आधी आलं, हे ऐकून नवल वाटेल. होंडानं १९८१ साली जपानमध्ये एक यंत्र विकायला काढलं. त्यात गाडी किती वळली हे मोजणारा जायरोस्कोप होता आणि पडद्यावर पारदर्शक नकाशा सरकवून ठेवायचा. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या एटाक कंपनीनं नकाशे चक्क कॅसेटवर दिले. आपण गाडीत लताबाईंची गाणी ऐकायचो तसली कॅसेट, पण तिच्यात रस्ते. एका मोठ्या शहरालाही एक कॅसेट पुरायची नाही.

मग आलं जीपीएस. हे अमेरिकी लष्कराचं. १९८३ साली कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापरालाही खुली राहील असं जाहीर केलं. पण खुली म्हणजे कशी, तर मुद्दाम थोडी बिघडवून. नागरी संदेशात चूक मिसळलेली असायची, त्यामुळं शंभरेक मीटर इकडंतिकडं व्हायचं. हायवेवर आहात की शेजारच्या सर्व्हिस रोडवर, हे कळणार कसं? मे २००० च्या सुरुवातीला ती चूक मिसळणं बंद झालं आणि रातोरात अचूकता काही मीटरवर आली. मोटारीतल्या डब्याचा सुवर्णकाळ खरा त्या रात्री सुरू झाला. टॉमटॉम, गार्मिन ही नावं युरोप-अमेरिकेत घरोघरी गेली.

भारतात हे काम मॅपमायइंडियानं मोठ्या प्रमाणावर केलं. ही कंपनी १९९५ पासून डिजिटल नकाशे बनवत होती. २००४ साली तिचं नकाशाचं संकेतस्थळ आलं आणि २००७ च्या सुमारास गाडीत लावायचा नेव्हिगेटर. हैदराबादच्या सॅटनॅव्ह टेक्नॉलॉजीजचं सॅटगाइडही त्याच काळातलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "मी कुठं आहे" आणि "माझ्याभोवती काय आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर उपग्रह देतात. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून त्यांचे संदेश येतात, किमान चार उपग्रह दिसले की तुमची जागा कळते, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. दुसऱ्याचं उत्तर नकाशा देतो. डब्यात हा नकाशा कार्डावर भरलेला असायचा. म्हणून डबा आलापल्लीच्या जंगलातही तितकाच हुशार असायचा जितका नागपुरात. रेंज नाही म्हणून तो कधी गप्प बसला नाही.

मग तो मेला कशानं? शिळ्या नकाशानं. नवा बायपास झाला की डबा म्हणायचा, तुम्ही शेतात आहात. नकाशा ताजा करायचा तर डबा संगणकाला जोडा, नवा नकाशा उतरवा, कधी त्याचे वेगळे पैसे भरा. किती जणांनी केलं असेल?

घाव मात्र एका दिवसात बसला. २८ ऑक्टोबर २००९. गूगलनं अमेरिकेत अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारी सेवा फुकट जाहीर केली. त्याच दिवशी गार्मिनचा शेअर १६ टक्क्यांच्या आसपास पडला, टॉमटॉमचा त्याहूनही जास्त. जानेवारी २०१० मध्ये नोकियानंही आपल्या फोनवर ७४ देशांसाठी हीच सेवा मोफत केली. गंमत बघा, नोकियानं नकाशे बनवणारी नॅव्हटेक ही कंपनी आठ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवून तेव्हा तीनही वर्षं झाली नव्हती. ज्या मालाला एवढी किंमत मोजली, तोच फुकट वाटायची वेळ आली.

आपल्याकडं फोनचा खरा विजय झाला सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येक काळी-पिवळीच्या, प्रत्येक ट्रकच्या डॅशबोर्डवर फोन उभा राहिला. आणि फोनकडं डब्याकडं नसलेली एक गोष्ट होती. पुढं गर्दी आहे हे तो सांगतो, कारण पुढं अडकलेल्यांचे फोनही त्याच्याशी बोलत असतात. म्हणजे सेवा फुकट नाहीच. आपला प्रत्येक प्रवास ही तिची किंमत आहे.

डबा पूर्ण गेला असंही नाही. त्यानं काम बदललं. वरोरा, माजरी, भद्रावती हा कोळशाचा पट्टा. कोळसा वाहणाऱ्या ट्रकांवर जीपीएसचा डबा बसतो, पण तो ड्रायव्हरला रस्ता सांगत नाही. ट्रक ठरलेला रस्ता सोडून गेला का, हे वर कळवतो. २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांनाही असं यंत्र सक्तीचं झालं. आधी डबा ड्रायव्हरचा नोकर होता, आता त्याचा मुकादम झाला.

आता वरोऱ्यातून पुढं निघू. इथं फोनचे तीन कच्चे दुवे दिसतात.

पहिला, नाव. वरोऱ्याहून चिमूरकडं जाताना शेगाव लागतं. पण "शेगाव" म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राला गजानन महाराजांचं, बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव आठवतं. बुद्रुक आणि खुर्द यांचा घोळ तर गावोगावी. ताडोब्याचंही तसंच. नुसतं "ताडोबा" टाकून निघाल तर कोणत्या गेटवर पोचाल? मोहर्लीला जायचं तर चंद्रपूर-भद्रावतीची बाजू, कोलाऱ्याला जायचं तर चिमूरची. सफारीचं बुकिंग ठरावीक गेटचं असतं, आणि पहाटे चुकीच्या टोकाला पोचलात तर वाघ तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसरा, रेंज. १९७३ च्या डिसेंबरात वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटेंनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिकडं धड रस्ताच नव्हता. आज रस्ता आहे : चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. पण आलापल्लीच्या पुढं फोन बराच वेळ मुका होतो. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर पडद्यावर फक्त निळा ठिपका उरतो, पांढऱ्या कागदावरच्या शाईच्या डागासारखा. तुम्ही कुठं आहात हे त्याला पक्कं माहीत असतं, भोवती काय आहे ते नाही. लॅम्ब्टनच्या त्रिकोणांनी जे भरलं, तेच नेमकं गायब. त्यात फोन जंगलातच सुरू केला तर उपग्रह शोधायलाही जास्त वेळ लागतो, कारण एरवी ती माहिती त्याला नेटवर्ककडून चटकन मिळते.

तिसरा दुवा सगळ्यात जीवघेणा आहे. तो म्हणजे पाणी. भामरागडला पर्लकोटा नदी पावसाळ्यात पुलावरून वाहते आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. नकाशावर पूल असतो, रस्ता असतो, रेघ अखंड असते. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ हेच झालं. धरणाच्या पाण्यात बुडणारा पूल, रात्रीची वेळ, फोननं दाखवलेला रस्ता. गाडी पाण्यात गेली आणि पुण्याच्या एका माणसाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघं गेले.

आता कोणी म्हणेल, डबा असता तर वाचले असते का? नाही. डब्यालाही पूल बुडालाय हे कळलं नसतं. फरक आहे तो आपल्यात. डबा चुकतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याच्या काळात आपण गाडी थांबवून विचारायचो. फोन इतक्यांदा बरोबर निघालाय की विचारायची सवयच मोडली. फोन एरवी डब्यापेक्षा चांगला आहे, यात वाद नाही. पण त्या चांगुलपणानंच फाट्यावरच्या माणसाला रस्त्याच्या हिशेबातून काढून टाकलं.

खुद्द गूगललाही एकदा ही गोष्ट कळली होती. भारतातले लोक रस्त्यांच्या नावांवर नाही, खुणांवर चालतात हे त्यांच्या संशोधकांना दिसलं, आणि २००९ च्या अखेरीस भारतासाठी पेट्रोल पंप, देऊळ अशा खुणा रस्ता सांगताना वापरायला सुरुवात झाली. म्हणजे टपरीवाल्याची भाषा यंत्र शिकलं. पण "काल रात्रीपासून रपट्यावर पाणी आहे, नका जाऊ," हे टपरीवाल्याला सकाळी माहीत असतं. फोनला ते कळतं कोणीतरी कळवल्यावर, आणि जिथं रेंजच नाही तिथून कळवणार कोण?

तर वरोऱ्यातून जंगलाकडं निघताना एवढं करा. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या, म्हणजे तुमचा फोन जुन्या डब्याइतका स्वावलंबी होतो. गावाच्या नावाबरोबर तालुका टाका, ताडोब्याला गेटचं नाव टाका. आणि पावसाळ्यात नाला दिसला की काच खाली करा आणि विचारा. पलीकडून आलेला एसटीचा ड्रायव्हर दिसला तर त्याच्याइतका ताजा नकाशा दुसरा नाही.

आजच्यासाठी इतकंच. तुमच्या भागातल्या पावसाळ्यात बंद होणाऱ्या पुलांची नावं आम्हाला कळवा, जून लागायच्या आत पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. नमस्कार.